जुनी पिकअप पुन्हा चालू करायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती सांभाळून फावल्या वेळात जुन्या पिकअप आणि जीपा उभ्या करायचं काम मी बरीच वर्षं करून राहिलो, आणि दर्यापूर-अकोटपासून वरूड-काटोलपर्यंतचे लोक फोनवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून सगळे एका जागी लिहून टाकले. माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, आधी रंग मारतात आणि मग गाडी वर्षानुवर्षं कोठ्यात उभी राहते. असं पाहिलं की खरंच जीव हळहळतो.

१. भाऊ, जुनी पिकअप म्हणजे नेमकी कोणती गाडी धरायची? आमच्याकडे महिंद्राची जीप पडून आहे, ती चालते का?

चालते ना, तीच तर सगळ्यात चांगली. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, १९६५ मध्ये एफसी-१५० आली, म्हणजे बोनेट नसलेली, सपाट तोंडाची, ड्रायव्हर जवळपास इंजिनावरच बसतो ती. त्यानंतर थोडी लांब एफसी-१६०. पुढं एमएम ५४०, तिच्यात प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. १९८८ ची टाटामोबाइल २०६ आणि नंतरची २०७ पण आता जुन्यात धरायला हरकत नाही. आपल्याकडं कुठं कुठं जोंगा पण सापडते, जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी बनलेली, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दिसते दणकट, पण पेट्रोल पिते भयंकर.

पहिल्यांदाच हात घालत असाल तर जीपच्या घराण्यातली घ्या, पार्ट मिळतात आणि इंजिन समजायला सोपं आहे. मॅटॅडोर पहिली गाडी म्हणून नको, ती पुढच्या चाकांवर ओढणारी आहे आणि पुढच्या एक्सलचे जॉइंट शोधता शोधता जीव जातो.

२. मला पाना धरायचं पण नीट येत नाही. जमेल का? वेळ किती लागते?

जमते. ज्याला मोटारपंप खोलून बसवता येते, ट्रॅक्टरचं ऑइल-फिल्टर स्वतः बदलता येते, त्याला अर्धं काम येतेच. बोअर करणं, क्रँक घासणं, डिझेल पंप कॅलिब्रेट करणं ही कामं लेथवाल्याची आणि पंपवाल्याची, ती त्यांनाच द्या, घरी खटाटोप करू नका.

वेळेचं म्हणाल तर पेरणी ते वेचणी गाडीला हात लागत नाही हे धरूनच चाला, वर्षातले चार-पाच महिनेच खरे. म्हणून मी सांगतो की सगळी गाडी एकदम खोलू नका, एक भाग खोला, तो पूर्ण करा, बसवा, मग पुढचा. पूर्ण खोललेल्या गाडीचे नटबोल्ट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कोणत्या डब्यात आहेत ते कोणालाच आठवत नाही. प्रत्येक सांधा खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा.

३. घ्यायला गेलो तर काय पाहायचं? मालक म्हणते इंजिन एकदम झकास आहे.

इंजिन शेवटी पाहा, कारण इंजिन दुरुस्त होते, सडलेला चेसिस मात्र गाडीच संपवतो. हातोडी आणि जुना पेचकस सोबत न्या. गाडीखाली शिरा आणि चेसिसवर हातभर अंतरानं हलके ठोके देत मागं जा. चांगलं लोखंड टणटण वाजते, आतून खाल्लेलं भद भद वाजते आणि तिथं पेचकस टोचला की पापुद्रा निघतो. कमानीचे पाटे जिथं शॅकलनं चेसिसला धरतात (शॅकल म्हणजे पाट्याच्या टोकाची झुलती कडी) ती जागा आणि सगळ्यात मागची आडवी पट्टी नक्की ठोकून पाहा.

आता आपल्याकडची खास गोष्ट. पिकअपनं आयुष्यभर काय वाहिलं ते विचारा. कापूस, तूर, संत्रा वाहिलेला डाला बरा असते, पण खत वाहिलेली गाडी असली तर खालची फळी उचलल्याशिवाय सौदा करू नका. युरिया आणि मिश्रखताचे दाणे पोत्यातून सांडतात, फळ्यांच्या फटीतून खाली जातात, पावसाळ्याची ओल धरतात आणि पत्रा खालून खातात. वरून फळी कोरडी ठणठणीत असते आणि खाली बोट लावलं तर पत्रा बिस्किटासारखा तुटते. फाळक्याच्या बिजागरीच्या आत, बॅटरीच्या ट्रेखाली आणि केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत पण हेच पाहा.

पाटे एका बाजूला बसले असतील तर घाबरू नका, लोहाराकडं कमान काढून होते. स्टिअरिंगमध्ये ढिलाई असली तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळते तो खिळा), टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) आणि स्टिअरिंग बॉक्स तिन्ही तपासा, नुसतं टायरॉड एंड बदलून ढिलाई जात नाही.

४. गाडी स्वस्तात मिळून राहिली पण आरसी नाही. घेऊ का?

नका घेऊ, निदान रस्त्यावर चालवायची असेल तर नाही. आरसी हरवली असेल आणि मालक हजर असेल तर मार्ग आहे: पोलिसात तक्रार, फॉर्म २६ वर डुप्लिकेट आरसी, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदल. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं आधी करून घ्या, हे प्रकरण १७ नंबरला सविस्तर आहे. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागते, बँक पुढं दुसऱ्या बँकेत विलीन झाली असली तरी पत्र लागतेच.

बैतूल, छिंदवाड्याकडची गाडी असली तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, सौद्याच्या आधी हातात पायजे. आणि १९८९ च्या आधीची, एम नं सुरू होणारी तीन अक्षरी नंबरवाली गाडी असली तर तिची नोंद कॉम्प्युटरवर चढलेली आहे का ते पाहा, बरेचदा ती जुन्या रजिस्टरमध्येच असते आणि आरटीओत अर्ज करून चढवून घ्यावी लागते. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर तारेच्या ब्रशनं घासून स्वतःच्या डोळ्यानं वाचा. नंबराच्या जागी नवीन वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर चहा पिऊन परत या.

लष्कराच्या लिलावातली गाडी असली तर लिलावाचे मूळ कागद आणि आधी कोणी नोंदणी केली का एवढं पाहा. नुसत्या हातोहात विकलेल्या पावत्यांवर नोंदणी होत नाही.

५. पंधरा वर्षांवरची गाडी बंद होणार म्हणतात, मग हा खर्च काहून करायचा?

दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांची ती बंदी दिल्ली-एनसीआरची आहे. विदर्भात खाजगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी पास झाली की पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, अर्ज फॉर्म २५ वर. फी मात्र वाढली आहे. ऑगस्ट २०२५ च्या बदलात वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारगाडीला १०,००० रुपये ठरले, वरून पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण लागते, विमा आणि पीयूसी तर लागतेच.

पिकअपचा एक पेच आहे. बऱ्याच पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात, पिवळी प्लेट. त्यांना आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागते. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, पण फिटनेस आणि टॅक्स चुकत नाही. टॅक्स किती थकला ते घ्यायच्या आधी पाहा, कधी कधी थकबाकी गाडीच्या किमतीपेक्षा मोठी निघते.

६. व्हिंटेज नोंदणी काय असते? आमची एफसी १९७२ ची आहे.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये हा नियम आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरतात. मूळ रूपातली म्हणजे चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नव्यानं नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतरची ५,००० रुपये. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते.

पण नीट समजून घ्या: ही गाडी रोजच्या वापराला आणि धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीचं येणं-जाणं एवढंच. तुम्हाला वावरात जायचं, आठवडी बाजार करायचा तर साधं नूतनीकरणच बरं (५ नंबर पाहा). तुमची एफसी मूळ पेट्रोल इंजिनासकट शाबूत असेल तर मात्र व्हिंटेजचा विचार जरूर करा, अशा गाड्या आता फार उरल्या नाहीत.

७. गॅरेज नाही, कोठ्यातच काम करायचं. काय काय लागते?

कोठा चालते, फक्त ढोरांच्या मुताची ओल आणि उघडा पत्रा एका छताखाली ठेवू नका, गंज झपाट्यानं चढते. खाली पक्की फरशी नसेल तर जॅक खाली जाड लाकडी फळी टाका, काळी माती वरून कडक दिसते आणि जॅक आत घुसते. गाडीखाली जायचं तर लोखंडी घोड्या लावूनच, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर कधीच नाही. वीट न सांगता फुटते.

आकडी पान्यांचा सेट इंचाचा घ्या, जुन्या जीपला मिलिमीटरचे पाने बसत नाहीत आणि जबरदस्ती केली की बोल्टाची डोकी गोल होतात. वेल्डिंगसाठी छोटी सिंगल फेजची इन्व्हर्टर मशीन पुरते, कारण थ्री फेज लाइन कधी रात्री तर कधी अर्धा दिवस, तिच्या भरवशावर काम होत नाही.

८. इंजिन जाम आहे, फिरतच नाही. ट्रॅक्टरनं ओढून चालू होईल का?

ओढू नका. जाम इंजिन ओढलं तर रॉड वाकते नाहीतर रिंगा तुटतात, आणि जे हजारात होणार होतं ते लाखाकडं जाते.

प्लग काढा (डिझेल असेल तर नोझल), प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं पातळ एटीएफ ऑइल आणि डिझेल सारखं मिसळून अर्धी वाटी टाका, आणि आठ-दहा दिवस विसरून जा, मधून मधून थोडं टाकत राहा. मग पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना किंवा जीपचं हँडल लावून पुढं-मागं हलवा. जोर नको, डुलवत राहायचं. अर्धा इंच हललं की अर्धी लढाई जिंकली.

जुन्या जीपच्या हरिकेन नावाच्या पेट्रोल इंजिनाची गंमत अशी की हवा आत घेणारे वॉल्व वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत, म्हणून पिस्टन सुटूनही इंजिन अडत असेल तर बाजूचं झाकण खोलून खालचे वॉल्व पाहा, तेच अडकलेले असतात. चालू करायच्या वेळेला फायरिंग ऑर्डर १-३-४-२, डिलकोच्या (म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) पॉइंटची गॅप अर्धा मिलिमीटर, प्लगची पाऊण मिलिमीटर. आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलून जुनं ऑइल पाहिल्याशिवाय सेल्फ मारू नका, तळाशी पाणी आणि चिखल असते.

९. इंजिन छान चालते, पण दहा किलोमीटरवर पाणी उकळते. मिस्त्री म्हणते थर्मोस्टॅट काढून टाका.

थर्मोस्टॅट काढून रोग जात नाही, तो चांगला आहे का ते उकळत्या पाण्यात टाकून पाहा, उघडला तर परत बसवा. खरं कारण आपल्या पाण्यात आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, तिथं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत गेलं की नळ्यांमध्ये क्षाराचा दगड जमते, ब्लॉकच्या आत तर मागच्या सिलिंडरभोवती चिखलासारखा थर बसते. रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग करून घ्या (म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई), ब्लॉकचे वेल्श प्लग, म्हणजे बाजूच्या भोकांतल्या पत्र्याच्या गोल टोप्या, काढून आतून तार घालून धुवा (प्लग सडलेले असतातच, नवीन बसवा). त्यानंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. तेही जमत नसेल तर कौलावरचं नाही, स्वच्छ टाकीत धरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या बोअरपेक्षा शंभरपट बरं.

फॅनचा बेल्ट, रेडिएटरच्या मागचं फॅनभोवतीचं कडं आणि टायमिंग पण पाहा. अकोल्याच्या मे महिन्यात जिथं माणूस दुपारी बाहेर निघत नाही तिथं एवढ्या जुन्या गाडीला बारा वाजता लोड देऊ नये, हे साधं आहे.

१०. आताचं पेट्रोल जुन्या इंजिनाला चालते का?

चालते, पण तयारी करून. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते जुन्या रबरी नळ्या, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग फुगवते, म्हणून हे सगळं इथेनॉल सहन करणाऱ्या नवीन मालाचं घाला. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळं हंगामात तीन-चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. इंजिन गरम आणि ढेपाळल्यासारखं वाटलं तर जेट एक नंबर मोठा लावून पाहा.

शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्याआधीच्या इंजिनाचं हेड उतरवलंच आहे तर धूर सोडणाऱ्या वॉल्वच्या सीटा कडक मटेरियलच्या आहेत का ते मशीनवाल्याला विचारा.

११. ब्रेक लागतात तसे. रंग झाल्यावर पाहू का?

नाही. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, पायाखाली काहीच उरत नाही. त्यामुळं मास्टर, चारही व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी पाइप आणि सडलेल्या लोखंडी नळ्या एकदाच नवीन करा. ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचं, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल किंवा डिझेलचा एक थेंब गेला तरी सगळे वॉशर फुगतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. पाण्यानं ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. हँडब्रेक उतारावर गाडी धरते का ते पाहिल्याशिवाय गावाबाहेर जाऊ नका.

१२. गंज काढायचा सोपा उपाय?

मोठ्या पत्र्याला ग्राइंडरवर तारेचा कप आणि डोळ्याला चष्मा. छोट्या पार्टला, म्हणजे बिजागऱ्या, हुक, ब्रॅकेट, मी विजेची पद्धत वापरतो. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी, दहा लिटरला मूठभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचा निगेटिव्ह गंजक्या पार्टला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडी सळईला, दोघं एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंजाचा काळा गाळ होते आणि ब्रशनं निघते. स्टीलचं भांडं किंवा चमचा पॉझिटिव्हला कधीच लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. फेस येते तो हायड्रोजन असते, म्हणून हे अंगणात करायचं, बिडी दूर. अॅल्युमिनियम आणि कार्बोरेटर यात टाकू नका.

सडलेल्या जागी नुसती पुट्टी भरू नका, सडलेलं कापा आणि त्याच गेजचा पत्रा वेल्ड करा.

१३. रंग कोणत्या महिन्यात मारायचा?

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. तूर-कापूस घरी आलेला असते, हवा कोरडी असते आणि ऊन माफक. पावसाळ्यात ओल रंगात अडकून तो पांढरट पडते, एप्रिल-मेमध्ये थिनर हवेतच उडते आणि पत्र्यावर रंग भुशासारखा बसते. उन्हाळ्यात मारायचाच असेल तर पहाटे, हळू सुकणाऱ्या थिनरनं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: साधा प्रायमर पाणी शोषते. "प्रायमर मारून ठेवतो, रंग पुढच्या वर्षी" असं म्हणून गाडी पावसाळाभर उभी ठेवली की प्रायमरखाली गंज परत येते. थांबायचंच असेल तर इपॉक्सी प्रायमर मारा. टू-के पीयू रंगाच्या (हार्डनर मिसळून मारायच्या) वाफेनं फुफ्फुसाला कायमचा त्रास होऊ शकते, तोंडाला गमछा बांधून भागत नाही, वाफ गाळणाऱ्या काडतुसाचा मास्क पायजे. ज्याच्याकडं ती सोय नाही त्यानं साधा इनॅमल मारावा. शेतात राबलेल्या पिकअपला तोच जास्त शोभते, माझं तरी असं मत आहे.

१४. पार्ट कुठं मिळतात? डबवालीची तयार बॉडी आणू का?

आधी आपल्याच तालुक्यातले म्हातारे मिस्त्री आणि कबाडी पालथे घाला, मग नागपूर. त्यापुढं दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी. हरियाणातली मंडी डबवाली जीपच्या कामासाठी नावाजलेली आहे, पत्रे आणि डाले तिथं चांगले मिळतात, पण अख्खी नवीन जीप जुन्या कागदावर कोणी देत असेल तर तिला हात लावू नका, ४ नंबरचा सगळा घोळ तुमच्या गळ्यात येते. जुना पार्ट नवीन येईपर्यंत फेकू नका, नमुना म्हणून लागते.

१५. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि आरसीवर पेट्रोल, बोनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याचा दावा अडते. व्हिंटेजचा रस्ता पण बंद होते (६ पाहा). वजनदार डिझेलखाली जुना तीन गिअरचा बॉक्स आणि पुढचे पाटे लवकर थकतात. आधीच्या मालकानं बदलून आरसीवर चढवलं असेल तर ठीक, तसंच ठेवा.

१६. गाडी झाली की माल वाहू का? पोरं डाल्यात बसू म्हणतात.

मालवाहू नोंद आणि फिटनेस असेल तर आरसीप्रमाणं जेवढा माल चालते त्याच्या निम्मा वाहा, जुन्या एक्सलला तेवढंच मानवते. साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पोरांना डाल्यात नाही, पोळ्याच्या दिवशी गावातल्या गावात सुद्धा नाही.

१७. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, भाऊ दोघं. एकानं खर्च करायचा आणि मग?

पहिला पाना लावायच्या आधी हे सोडवा. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, एवढं जोडून गाडी एकाच्या नावावर करा. आईची आणि बहिणींची सही पण घ्या, सातबाऱ्यासारखाच त्यांचा हक्क इथंही आहे. पडून असलेल्या गाडीत कोणालाच रस नसते, रंग होऊन ती चौकात उभी राहिली की सगळ्यांना आठवते की बाबांची होती. खर्च करणाऱ्यानं पावत्या एका फाइलीत लावत जाव्या, आणि दुसऱ्या भावाला पैसे नाही जमले तर रविवारी ब्रेक खोलायला बोलवावं.